झिंजच्या गच्चीवरचे निवडुंग

इब्राहिमभाई गेल्याचं मला बहरीनमधल्या मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, कळलं. रत्नागिरीकडचे एक कापडवाले गठ्ठा बांधता बांधता म्हणाले, "तुमचे जुने रूममेट वारले गावी. कळलं असेल ना?" मी "हो" म्हणालो. कळलेलं नव्हतं. खोटं माझ्या तोंडून असंच पटकन निघतं... त्याला आता दीड महिना झाला.

काही वर्षांपूर्वी आम्ही मनामातल्या झिंज भागात एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी पुण्याचा इंजिनिअर, ते सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन. त्यांच्या बहिणीने कॅनडाहून निवडुंगाचे चार तुकडे पाठवले होते, तिच्या अंगणात बर्फाखाली जगणाऱ्या जातीचे. तेलाच्या कापलेल्या डब्यांत खडी भरून त्यांनी ते गच्चीवर लावले आणि दोन उन्हाळे गोणपाटाच्या सावलीत जगवले. "बर्फाला भीत नाय, आपल्या बहरीनच्या घामाला भितो," असं म्हणायचे. थंडी लागली की हे निवडुंग अंगातलं पाणी कमी करतात, सुरकुततात, आडवे पडतात. पाणी राहिलं तर गोठून फुटतील. म्हणून ऑक्टोबरपासून पाणी बंद. हे सगळं त्यांनी मला सांगितलं होतं. मी पेपर वाचत हं हं करत होतो.

डिसेंबरात ते लीव्हवर निघाले. "पाणी मफी हां, भाऊ, अजिबात नाय. हात पण लावू नका. मार्चला फुलं दाखवतो तुम्हाला." महिन्याने गच्चीवर गेलो, तर चारही काळपट, चपटे, खडीवर लोळलेले. मला वाटलं मेले, आणि माझ्या राखणीत मेले. ते यायच्या आदल्या दिवशी मी डबे कचऱ्यात टाकले. त्यांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "रशीदने गच्ची साफ केली वाटतं."

रशीद आमच्या इमारतीचा बांगलादेशी वॉचमन. रमजानात तो आणि इब्राहिमभाई एका ताटात रोजा सोडायचे. इब्राहिमभाई गच्चीवर जाऊन आले. मग म्हणाले, "थंडीत ते मेल्यासारखेच दिसतात. त्याला काय ठाऊक." मी तिथेच बोलायला हवं होतं. त्यांनी रशीदला जाब विचारला नाही; मालकाच्या कानावर गेलं तर त्याची नोकरी जायची. फक्त त्याला सलाम करणं सोडलं. कायमचे गावी निघाले तेव्हा एअरपोर्टवर माझा हात धरून म्हणाले, "रशीदला सांगा, मी माफ केलं. माझ्या तोंडून निघालं नाय." मी मान हलवली... आणि निरोप दिलाच नाही. कुणाला देणार होतो?

गेल्या शुक्रवारी सलमाबादला गेलो. रशीद तिथे एका गोदामावर असतो. इब्राहिमभाईंचं नाव काढताच तो म्हणाला, "साब, वो मेरे से नाराज काहे को थे? मैं आज तक सोचता हूँ."

मी सगळं सांगितलं. ते गेल्याचंही. तो शिव्या देईल असं वाटलं, द्यायला हव्या होत्या. त्याने खांद्यावरचा रुमाल डोक्यावर घेतला, दोन्ही तळवे पसरले आणि त्यांच्यासाठी दुवा मागू लागला. माझे हात कुठे ठेवावेत, ते मला कळेना.