धूर घेता का?

नंदा मरगळेला शहाण्या माणसांचा भयंकर राग, आणि जन्मभर काम पडलं ते नेमकं त्यांच्याशीच. सतरा वर्षं ती फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या संशोधनात होती. नवी गोळी निघाली की ती ठरावीक पेशंटना द्यायची, कुणाला काय झालं, कोण किती जगलं ते लिहून ठेवायचं, याला ट्रायल म्हणतात. ट्रायलचे कागद सांभाळणं हे नंदाचं काम. डॉक्टर येत आणि जात, कागद मात्र नंदापाशी राहत.

ती ताम्हिणीच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातली. आई लवकर गेली, म्हणून वाढली आत्याच्या घरी. साळूबाई आत्यानं तिला शेरडांमागं न धाडता पौडला शाळेत घातलं, आणि वाड्यावरच्या लोकांनी 'पोरगी शिकून काय कलेक्टर होणार का' म्हणून जे टोमणे मारले ते सगळे एकटीनं ऐकून घेतले. नंदा बी.एस्सी. झाली, संशोधन केंद्रात लागली. आता ती नेऱ्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. घरमालक बापूसाहेबांनी अर्धं शेत विकून उरलेल्यावर खोल्या उठवल्यात, आणि आता त्यांना दुसरं काम नाही. "सापडलं का तुमचं कॅन्सरचं औषध?" असं ते दर महिन्याला विचारतात, हरवलेल्या चपलेची चौकशी करावी तसं.

पण बापूसाहेब परवडले. केंद्राचे प्रमुख डॉक्टर निरंजन हे खरे शहाणे. पेशंटला हात लावून त्यांना दहा वर्षं झाली असतील. ते आता फक्त स्लाइडला हात लावत. मुळशीच्या घाटमाथ्यावरच्या बायकांना फुप्फुसाचा कॅन्सर का होतो, हा त्यांचा विषय. मुळशी त्यांनी पाहिली होती ती गाडीच्या काचेतून, कोकणात जाताना, भजी खायला उतरल्यावर. तरी परदेशातल्या परिषदेत ते 'माझ्या बायका' म्हणायचे. ते ऐकलं की नंदाच्या मस्तकात तिडीक जायची.

तरीही खरं ते सांगितलं पाहिजे. त्या केंद्रात वासरांत लंगडी गाय शहाणी, आणि ती गाय होती नंदा. सहा वर्षांपूर्वी या बायकांच्या पाहणीचा फॉर्म तयार होत होता. त्यात 'तुम्ही धूम्रपान करता का' असा प्रश्न होता. नंदा तिथल्या तिथं म्हणाली, "सर, धूम्रपान म्हटलं तर आमच्या बायकांना ती एखादी पूजा वाटेल." सगळे हसले. मग काय विचारायचं? सरळ 'बिडी ओढता का' विचारायचं होतं. पण ते नंदालाच जड गेलं. धनगरवाड्यावरच्या बाईला कुणी असं विचारलं तर ती चुलीतलं लाकूड काढून पाठीत घालेल, आणि विचारणाऱ्यांना पाठवलं कुणी, तर साळूबाईच्या नंदानं. म्हणून तिनं सभ्यपणे तोडगा काढला: 'धूर घेता का?' यात बिडी आली, सिगारेट आली, चिलीमही आली. सर खूश झाले. "याला म्हणतात मातीतला शब्द," ते म्हणाले. त्या दिवशी नंदा घरी जाताना बसमध्ये उगाच हसत होती.

मग शहरातल्या मुली तो फॉर्म घेऊन घाटात हिंडल्या. चारशे बारा बायकांना विचारलं. शंभरातल्या चौतीस जणी म्हणाल्या, व्हय, घेतो. दिवसातून किती वेळा? दोन वेळा. कधीपासून? लगीन झाल्यापासून. बायका एवढ्या व्यसनी निघाल्या म्हटल्यावर निरंजन सरांचं भाग्यच उजळलं. सगळ्याजणी दोनदाच कशा ओढतात, असा साधा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही. सरांनी त्यावर 'व्यसनाचं सामूहिक वेळापत्रक' असा सिद्धांत मांडला, लेख छापला, तीन देश फिरले. लेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत नंदाचंही नाव होतं. तिनं तो कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवला होता. तोच फॉर्म पुढं ट्रायलमध्येही वापरायला घेतला.

या वर्षी साळूबाई खोकायला लागली. खोकल्यातून रक्त आलं, तपासणी झाली, आणि निदान नंदाच्याच टेबलावर आलं. त्याच वेळी केंद्रात एक नवी गोळी चालू होती, कधीच बिडी-सिगारेट न ओढलेल्या बायकांसाठी. जुन्या औषधानं आत्या वर्ष काढती तर पुष्कळ. गोळीनं निदान आशा होती. भरती बंद व्हायला दहा दिवस उरले होते. फॉर्म उत्कर्षा नावाच्या नव्या मुलीनं भरला, कारण नात्यातल्या माणसाचा फॉर्म आपण भरायचा नाही, असा नियम. दुसऱ्या दिवशी फाइलवर शेरा होता: अपात्र, धूम्रपान.

नंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ही म्हातारी सगळ्यांच्या नकळत बिडी ओढत होती आणि आता स्वतःच्या तोंडानं सांगून मोकळी झाली? ती पौडला उतरली, ताम्हिणीची एस.टी. धरली आणि थेट आत्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. साळूबाई चुलीपाशी बसली होती. गॅसचा सिलिंडर कोपऱ्यात होता, त्यावर शेरडं बांधायच्या दाव्यांचा गुंता.

"आत्या, बिडी वडतीस तू?"

"कोन म्हनलं?" साळूबाई म्हणाली. "त्वांड दाव मला त्याचं."

"तूच म्हनलीस. त्या पोरीला. धूर घेतीस म्हनून."

"मग घेती की. चाळीस वरसं घेती." तिनं चुलीकडं बोट केलं. "सकाळचा येक बार, सांजचा येक बार. डोळं गेलं माजं ह्या धुरानं. तुमी आज इचारताय, आमी काय खोटं सांगावं?"

सहा वर्षं, चारशे बारा बायका, तीन देश, प्लास्टिकमधला तो कागद. घोडं पेंड खात होतं ते नंदाच्या स्वतःच्या शब्दात. सरांनी मुळशी काचेतून पाहिली म्हणून ती त्यांना हसत होती, आणि ज्या घरात ती वाढली तिथली चूल तिनं ओळखली नव्हती. शहाण्या माणसांच्या यादीत पहिलं नाव कुणाचं, हे त्या दिवशी तिला कळलं.

तिनं सरांना सगळं सांगितलं. सर आधी पांढरे पडले, मग लगेच सावरले. त्यात ते वाकबगार होते.

"नंदाताई, यात एवढं काय? दुरुस्तीचा कागद असतो ना. उत्तर बदला. कारणाच्या रकान्यात लिहा, 'रुग्णाने चुकीची माहिती दिली.' उद्या तुमच्या आत्याची गोळी चालू."

"पण चूक रुग्णाची नाही, सर. प्रश्न चुकीचा होता."

"तसं लिहिलं तर नीतिसमिती सगळेच फॉर्म उघडायला लावेल. भरती थांबेल, महिना-दोन महिने. तुमच्या आत्याकडं तेवढे आहेत का?" मग ते हळूच म्हणाले, "आणि तो शब्द तुमचा होता, हे मी विसरलेलो नाही."

किती सोज्ज्वळ माणूस. तिला त्याची किळस आली, आणि त्याच्या बोलण्यातला हिशेब बिनचूक होता याची जास्त आली. तिनं त्या संध्याकाळी परत घाट गाठला आणि आत्यापुढं काही न लपवता मांडलं.

साळूबाईनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी मी चुकले म्हनून लिवलं तर मला गोळी. तू चुकलीस म्हनून लिवलं तर गोळी लांब."

"व्हय."

"मग माजंच चुकलं म्हनून लिव. मला मरायची हौस न्हाई, नंदे."

नंदानं मान डोलावली. तिला सुटल्यासारखं झालं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली. साळूबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. मग ती म्हणाली, "राजीला बी ह्योच प्रश्न इचारला व्हता का?"

राजाबाई शेजारच्या झोपडीतली, धुळामामाची बायको. गेल्या साली तिला केंद्रातून परत पाठवलं होतं. तो शेरा नंदानंच रजिस्टरात उतरवला होता.

"व्हय," नंदा म्हणाली. "ह्योच."

साळूबाईनं दारातून राजीच्या झोपडीकडं पाहिलं. "आजून असत्याल अशा कुनी. खरं लिव," ती म्हणाली. "आन माज्यापुढं आता रडू नगंस."

नंदानं दुसऱ्या दिवशी कारणाच्या रकान्यात चार शब्द लिहिले: प्रश्न चुकीचा विचारला होता. खाली सही, तारीख. भरती थांबली. पाच आठवडे कागद तपासले गेले, नवा प्रश्न ठरला: 'तुम्ही कधी बिडी किंवा सिगारेट ओढली आहे का?' लेख मागं घ्यावा लागला. निरंजन सरांचं मात्र काही वाकडं झालं नाही. त्यांनी दीड महिन्यात 'प्रश्नाची भाषा' असं नवं भाषण तयार केलं, आणि म्हणे त्याला जुन्यापेक्षा जास्त टाळ्या पडतात. साळूबाईची गोळी सुरू झाली, पण पाच आठवडे उशिरा, आणि त्या पाच आठवड्यांत तिचं वजन सहा किलो उतरलं. गोळी लागू पडेल की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत.

त्या एका शब्दापायी याआधी सात जणी परत गेल्या होत्या. समितीनं सांगितलं, प्रत्येकीच्या घरी जाऊन प्रश्न पुन्हा विचारा, नोंद पुरी करा. बाकीच्यांच्या घरी उत्कर्षा गेली. राजाबाईच्या घरी नंदा स्वतः गेली.

धुळामामा उंबऱ्यावर बसून बिडी ओढत होता. "राजी गेली की आखाडात," तो म्हणाला. "ठावं हाय तुला. आता काय काम काढलंस, पोरी?"

"येक प्रश्न चुकला व्हता, मामा. मामीनं कदी बिडी वडली व्हती का?"

त्यानं हातातल्या बिडीकडं पाहिलं. "तिनं? तिला वास बी सोसत नव्हता. मला हितं भाईर बसवायची, म्हनून तर हितं बसतो." त्यानं बिडी विझवली. "न्हाई म्हनून लिव."

नंदानं 'नाही'पुढं खूण केली. धुळामामा कागदावर वाकून बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं.

"मग आता बसती का ती तुमच्या गोळीत?" त्यानं विचारलं.

"बसली असती, मामा," नंदा म्हणाली.