हशासाठी सोडलेली जागा

मी लिहायला बसलोय हाच खरं तर आगाऊपणा आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तोही अजून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. पुस्तकात असतात तशी वाक्यं मला जमतीलच असं नाही. शिवाय मला जे सांगायचंय ते माझ्या अंगाबद्दल आहे, आणि अंगाबद्दल आमच्याकडे डॉक्टर सोडून कुणाशी बोलत नाहीत. आमच्या गावच्या नमनात खेळ सुरू करण्याआधी ग्रामदेवतेला, वाडीला आणि समोर बसलेल्या सगळ्यांना हात जोडतात, काही कमीजास्त झालं तर पोटात घाला म्हणतात. मीही तसेच हात जोडतो. तुमचा वेळ घेतोय, चुकलो तर सांभाळून घ्या.

नमन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा आमच्या रत्नागिरीकडचा खेळ. गाणी, सोंगं, मृदंग, आणि मध्ये गौळणी बाजाराला निघतात तो भाग. गौळणींना वाटेत देव आणि त्याचे सवंगडी अडवतात, आणि गौळणींच्या बाजूने भांडायला एक मावशी असते. सगळ्या गौळणी पुरुषच असतात, मावशीपण. आमच्या वाडीतली बरीच माणसं गिरणीच्या काळापासून परळ-लालबागला आहेत, त्यामुळे गावाचं मंडळ इथेही आहे. परळला एका चाळीत गावकीची खोली आहे. पूर्वी तिथे एकटे आलेले बाप्ये राहायचे, आता तिथे तालमी होतात. माझे बाबा एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहेत आणि मंडळात मृदंग वाजवतात.

मावशीचं सोंग माझ्याकडे आलं ते माझ्या पोटामुळे. आधीचे मावशी करणारे काका अगदी काटकुळे होते, ते साडीच्या आत उशी बांधायचे. त्यांचे गुडघे गेले आणि माणूस शोधायची वेळ आली, तेव्हा मंडळाचे थोरले काका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याला घ्या. उशीचा खर्च वाचला."

"उशी कसली, गादी आहे गादी," मागून कुणीतरी म्हणालं आणि खोली हसली. मीही हसलो. मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं, पण माझं लक्ष साडीकडे होतं. आता साडी नेसायला मिळणार, आणि ती सगळ्यांसमोर, घरातल्यांच्या परवानगीने.

लहानपणी टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लागला की आमच्या खोलीत शेजारपाजारची सगळी जमायची. त्यात एखादा जाडा माणूस साडी नेसून यायचा, आल्या आल्याच त्याचा पाय निऱ्यांत अडकायचा, तो पडायचा आणि सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचो आणि हसता हसता हळूच वळून बघायचो, कुणी माझ्याकडे बघत नाही ना. साडी नेसलेला माणूस नीट चालत येतोय, खुर्चीवर बसतोय, चहा पितोय आणि निघून जातोय, असं मी टीव्हीवर कधी पाहिलं नाही. त्यामुळे तसं असूच शकत नाही असं मला वाटायचं.

हे सगळं मी 'गेलो', 'आलो' असंच लिहितोय, कारण सध्या मला तेच जमतं. मी नेमका कोण, याचं उत्तर माझ्याकडे अजून पक्कं नाही. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने त्यासाठी काही शब्द सांगितलेत. मी ते मनातल्या मनात अंगाला लावून बघतो. एखादा बसेलही पुढे, मला घाई नाही. एवढं मात्र ठाऊक आहे की शर्टाची बटणं पोटावर ताणली की मला माझं अंग लपवावंसं वाटतं, आणि साडीत तेच अंग जागच्या जागी बसतं. साडी मापाची विचारपूस करत नाही.

मावशीसाठी नवीन साडी घ्यायला आई मला दादरला, हिंदमाताच्या साड्यांच्या बाजारात घेऊन गेली होती. दुकानदार गादीवर बसलेले, वयस्कर. त्यांनी विचारलं, "कुणाला नेसायची?"

आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते, तिला आडवळणाने बोलता येत नाही. "ह्याला," ती म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "मग हा चॉकलेटी नको. ह्याला आंब्याचा रंग खुलेल. पोटाकडे जाड काठ नको, फुगतो." आणि मागच्या पोऱ्याला हाक मारून वरच्या फळीवरचा गठ्ठा काढायला सांगितला. आईने भर दुकानात माझ्या खांद्यावर पदर टाकून पाहिला. शेजारी बसलेल्या बायका म्हणाल्या, "हीच घ्या." एवढंच झालं. पुढे मला ते फार उपयोगी पडलं.

आमच्या मंडळात एक पद्धत आहे. एकदा सोंग चढलं की ते उतरेपर्यंत त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारत नाहीत. मग बाबाही मला म्हणतात, "मावशे, चाल जरा दमानं, मृदंग मागं पडतोय." घरी शर्टात असताना ते माझ्याशी फार बोलत नाहीत. त्यामुळे प्रयोगाच्या दिवशी मला जरा जास्तच बरं वाटतं.

परळच्या एका हॉलमध्ये आमचा दुपारचा प्रयोग झाला, तेव्हा रंगपटात एक ताई आल्या. एका विनोदी मालिकेच्या दिग्दर्शकांच्या हाताखाली त्या काम करतात. त्यांची आजी आमच्याच तालुक्यातली, तिला घेऊन त्या आल्या होत्या.

"तू साडीत अडखळत नाहीस," त्या म्हणाल्या.

"अडखळून कसं चालेल? भांडायचं असतं ना," मी म्हणालो.

त्या हसल्या आणि नंबर घेऊन गेल्या. काही आठवड्यांनी बोलावणं आलं. एकच प्रसंग होता. एक जाडा तरुण साडीच्या दुकानात येतो आणि स्वतःसाठी साडी मागतो. दुकानदार विचारतो, "कुणासाठी?" तो म्हणतो, "माझ्यासाठी." मग दुकानदार म्हणतो, "मग ताडपत्रीच्या दुकानात बघा," आणि गिऱ्हाइकं खदाखदा हसतात.

मी ते वाचलं आणि आईला सांगितलं नाही. आईने तोवर सगळ्या मजल्याला आणि पोळीभाजीच्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं होतं, "पोरगा टीव्हीवर येणार." म्हणजे सगळे एकत्र बसून बघणार होते. मला टीव्हीवर यायचं होतंच. पण एकदा तरी साडी मागणारं माणूस न पडता, न फसता, तसंच्या तसं दिसावं असं वाटत होतं. ते मी असेन तर फारच छान.

शूटिंग दादरलाच, एका खऱ्या साडीच्या दुकानात, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी होतं. मी आधी ताईंकडे गेलो. "ताई, ते ताडपत्रीचं... खऱ्या दुकानात असं म्हणत नाहीत."

"तुला काय माहीत?"

"मी घेतलीय ना साडी. त्यांनी रंग सांगितला मला."

ताईंनी ते दिग्दर्शक सरांना जाऊन सांगितलं. सर माणूस म्हणून चांगले आहेत, पण घाईत होते. ते मला म्हणाले, "अरे, तू नमनात हेच करतोस ना? तिथे लोक हसतात ते चालतं, मग इथे काय दुखतं?"

मी आपलं "हो सर" म्हणालो. मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "बरं, दोन्ही घेऊन ठेवू. त्या वाक्यासकट आणि त्याच्याशिवाय. एडिटला बघू."

मग माझ्याकडून एक चूक झाली. दुकानदार झालेल्या नटाने विचारलं, "कुणासाठी?" मी म्हणालो, "माझ्यासाठी," आणि थांबलो. ताडपत्रीशिवायच्या त्या टेकमध्ये लगेच पुढे मला विचारायचं होतं, "आंब्याच्या रंगात आहे का?" पण मी थांबूनच राहिलो.

"कट! अरे, पुढचं वाक्य?"

"येतंय सर. लोक हसेपर्यंत थांबलो."

"कोण लोक?"

समोर कॅमेरा होता, लाईटवाले होते आणि कपाटातल्या साड्या होत्या. हसणारं कुणी नव्हतं. नमनात मावशीने वाक्य टाकलं की थांबायचं असतं. लोकांचं हसू पुरतं ओसरल्याशिवाय पुढचं वाक्य वाया जातं, हे मला तालमीत घोटवलेलं. माझं उत्तर ऐकून सगळं युनिट मोठ्याने हसलं. लाईटवाला म्हणाला, "मावशी, पब्लिक घरी बसलंय!" मलाही हसू आवरेना. पण सर मॉनिटरकडे बघत राहिले. म्हणाले, "नाही, नाही. थांब तसाच. बरं दिसतंय. हसू आम्ही नंतर लावतो."

घरी आल्यावर जेवताना मी हे सगळं सांगितलं, ताडपत्रीसकट. आईने पोळी वाढता वाढता दिग्दर्शकांना एक शिवी दिली. बाबांनी विचारलं, "थांबलास किती?"

"नमनात थांबतो तेवढाच."

"म्हणजे जागा सोडलीस." त्यांनी ताटाच्या कडेवर बोटाने दोन ठोके दिले, मध्ये अंतर ठेवून. "हे बघ. मोकळी जागा दिसली की कुणीतरी भरतंच. ताडपत्रीचं वाक्य काढलं तरी तिथे ते हसू टाकतील. सोपं काम करून दिलंस त्यांना."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. 'माझ्यासाठी' या शब्दापाठी मीच हशाला पाट मांडून दिला होता.

"मग हसू देत," आई म्हणाली. "नमनात हसत नाहीत का?"

आणि तेव्हा, सरांना द्यायला हवं होतं ते उत्तर मला सुचलं. मी म्हणालो, "आई, नमनात मावशी उलटून बोलते. लोक तिच्या बोलण्याला हसतात. कुणी तिच्या पोटावर बोललं तर ती त्याच्या सात पिढ्या काढते. इथे मला पुढे फक्त रंग विचारायचाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात, शर्टात असताना ते सहसा असे बघत नाहीत. "खरं आहे," म्हणाले. "पण वाईट नाही वाटून घ्यायचं. तू नीट उभा होतास ना?"

"होतो."

"झालं तर."

ताईंनी सांगितलं होतं, एडिट पक्कं झालं की कळवते. ते काही लवकर होईना. मी कॉलेजात जात होतो, तालमीला जात होतो. तुम्हाला वाटेल मी रात्रंदिवस झुरत असेन, पण तसं नव्हतं. शूटिंगच्या दिवशी कपड्यांचं बघणाऱ्या बाईंनी मला प्रसंगासाठी दिलेली साडी परत करायला सांगितली तेव्हा मी ती स्वतः घडी करून दिली, आणि त्या म्हणाल्या, "घडी छान घालतोस." त्या आठवणीवरही माझे बरेच दिवस बरे गेले. त्याच दिवसांत मी कॉलेजात पहिल्यांदा शर्ट बाहेर न सोडता, आत खोचून गेलो. पोट दिसत होतं. मैत्रीण म्हणाली, "आज काय इंटरव्ह्यू आहे का?" मी नाही म्हणालो, आणि दिवसभर तसाच वावरलो.

पण मजल्यावरून जाताना कुणीतरी विचारायचंच, "कधी आहे रे तुझं?" मी 'कळवतील' म्हणून जिना उतरायचो. सगळी खोली हसते, आई त्यांच्यात बसलीय आणि तिला हसता येत नाही, हे चित्र काही केल्या जात नव्हतं.

एका रविवारी गावकीच्या खोलीत तालीम चालू होती. मी साडी नेसून उभा होतो, देवाशी भांडण रंगात आलं होतं, आणि फोन वाजला. थोरले काका ओरडले, "मावशे, बाजारात फोन न्यायचा नसतो!" मी नाव बघून बाबांकडे पाहिलं. त्यांनी मृदंगावर हात ठेवला, म्हणजे तालीम थांबली. मी दाराबाहेर गॅलरीत गेलो.

ताई घाईत होत्या. "ऐक, आत्ताच बघून आले. तुझा सीन आहे. ताडपत्री कापली."

"आणि मी थांबलोय तिथे?"

"तिथे हशा लावून बघितला. सरांनाच नको झाला, तेच म्हणाले काढा. आता काहीच नाही तिथे. तू बोलतोस, थांबतोस, मागून रस्त्यावरचा एक हॉर्न ऐकू येतो, आणि मग तू रंग विचारतोस."