मॉरिशसचं पान

त्या वर्षी आमच्या विश्वसभेत भारत गैरहजर होता. तीन घराण्यांना आपापल्या नातवासाठी भारत हवा होता आणि तिन्हींपैकी एकही माघार घ्यायला तयार नव्हतं. मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने बैठकांवर बैठका घेतल्या आणि शेवटी ठरवलं की यंदा भारत कोणालाच देऊ नये, म्हणजे कोणाचं मन दुखावणार नाही. त्यामुळे भारताची खुर्ची मांडली जायची, तिच्यापुढे नावाची पाटी ठेवली जायची आणि सभा संपेपर्यंत तिथे कोणी बसायचं नाही. अलिप्ततेचं धोरण इतक्या निष्ठेने दिल्लीतही कोणी पाळलं नसेल.

विश्वसभा ही आमच्या सरांची कल्पना. सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर. बडोद्याच्या मराठी मुलांना संस्थानचा इतिहास तोंडपाठ असतो, कोणत्या मिरवणुकीत कोणता हत्ती पुढे होता तेही ती सांगतील, पण शेजारच्या करजण गावाच्या पलीकडे जग आहे याची त्यांना खबर नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून दर रविवारी सकाळी नागरवाड्यातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये नववी ते अकरावीच्या मुलांना जमवायचं, प्रत्येकाला एकेक देश द्यायचा आणि संयुक्त राष्ट्रांसारखी सभा भरवायची. मुलांनी आठवडाभर वर्तमानपत्र वाचायचं, आपल्या देशाच्या बाजूने बोलायचं, ठराव मांडायचे, मतं द्यायची. हे सगळं सांगताना सरांचा आवाज चढायचा आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा. मला ते फार आवडायचे.

अडचण एकच होती. जगात देश उदंड आणि मंडळाच्या सभासदांना मुलं मोजकी. सभासद म्हणजे संस्थानकाळापासून बडोद्यात असलेली घराणी; कोणाचे पणजोबा दिवाणांच्या कचेरीत, कोणाचे शाळाखात्यात. आम्ही रिफायनरीच्या कॉलनीतले. बाबा नोकरीसाठी रत्नागिरीकडून आलेले. माझा जन्म बडोद्याचा, पण मंडळाच्या लेखी आम्ही बाहेरचे. एरवी आम्हाला कोणी बोलावलं नसतं, पण अर्धी आफ्रिका रिकामी राहायला लागली तेव्हा कॉलनीतल्या मुलांना घ्यावं असं ठरलं.

देशांचं वाटप अगदी रीतसर झालं, म्हणजे घराणं बघून. ज्यांना नकाराधिकार आहे ते पाच बडे देश मंडळ स्थापन करणाऱ्या पाच घरांत गेले. अध्यक्षांच्या नातवाला ब्रिटन, कारण अध्यक्षांच्या वडिलांनी इंग्रज रेसिडेंटसाहेबांना जवळून पाहिलं होतं. चिटणिसांच्या नातीला अमेरिका, कारण तिचा मामा तिकडे होता. चीन घ्यायला आधी कोणी राजी नव्हतं, पण त्यालाही नकाराधिकार आहे हे कळल्यावर त्याला चांगली चांगली स्थळं सांगून आली. कॉलनीच्या वाट्याला चाड, लाओस, बोलिव्हिया असले देश आले. मला मॉरिशस मिळाला. नकाशात तो शोधायला मला अख्खी दुपार लागली.

"अगं, तुझं तर कामच थई गयुं ने," चिटणीस बडोद्याच्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाले. "तिथे आपली मराठी माणसं आहेत. घरचाच देश समज."

नकाराधिकार म्हणजे काय ते आम्हाला पहिल्याच महिन्यात समजलं. सभेनंतर खायला सेवउसळ असावी असा ठराव लाओसने मांडला, चाडने अनुमोदन दिलं आणि तो प्रचंड बहुमताने मंजूर झाला. ब्रिटनला तिखट सोसत नव्हतं. ब्रिटनने हात वर केला आणि वर्षभर आम्ही सगळ्या जगाने मुकाट्याने गोडसर खमण खाल्लं. सर मात्र खूश झाले. "आता तुम्हाला जगाचं राजकारण कळलं," ते म्हणाले. (ब्रिटन पुढे कॅनडाला गेला आणि तिथेच राहिला. अमेरिका आज मांजलपूरला माझ्या पलीकडच्या सोसायटीत राहते. तिला अजून व्हिसा मिळालेला नाही.)

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा रिफायनरीत इलेक्ट्रिशियन होते. मंडळाचे लाउडस्पीकर, दिवे, गणपतीतली रोषणाई, सगळं तेच बघत, आणि तेही हौसेने. मंडळात त्यांना सगळे 'भाऊ' म्हणत. भाऊ, जरा माइक बघा. भाऊ, पंखा आवाज करतोय ने. पण भाऊंनी सभासदत्वासाठी केलेला अर्ज मात्र मी प्राथमिक शाळेत असल्यापासून विचाराधीन होता. नाही कोणी म्हटलं नव्हतं. मंडळात नाही म्हणायची पद्धतच नव्हती. "विचार चालू आहे, भाऊ," असं सांगून चहा पाजत.

आणि त्या वर्षी घाई होती. ताईचं लग्न ठरलं होतं. मुलाकडची मंडळी पुण्याची. त्यांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही, फक्त लग्न एखाद्या चांगल्या हॉलमध्ये व्हावं एवढीच इच्छा बोलून दाखवली. बडोद्यात प्रत्येक समाजाची लग्नकार्यासाठी आपापली वाडी असते आणि ती आपापल्या माणसांनाच मिळते. आमची वाडी म्हणजे हे मंडळ. आणि मंडळाचा हॉल लग्नाला फक्त सभासदांना मिळायचा.

शिवाय त्या हॉलमध्ये एक रीत होती. लग्न कोणाचंही असो, कार्यकारिणीची एक वेगळी पंगत बसायची. पहिलं पान अध्यक्षांचं, आणि त्याच्या शेजारचं दुसरं पान ज्याने हॉल घेतला त्या सभासदाचं. त्याने चार घास खायचे आणि मग उठून सगळ्यांना आग्रह करायचा. बाबांनी दुसऱ्यांच्या लग्नांत दिव्यांच्या माळा लावताना शिडीवरून ती पंगत कितीतरी वेळा पाहिली होती. त्या दुसऱ्या पानावर एकदा बसावं असं त्यांना वाटायचं. ते कधी बोलले नाहीत, पण आई मला म्हणाली होती, "तुझ्या बाबांना हॉलपेक्षा ते पान हवंय." मला तेव्हा हसू आलं होतं.

इकडे मी मॉरिशसचा अभ्यास करत होते. ग्रंथालयात एक पातळ पुस्तक मिळालं. कोकणातली माणसं जहाजात बसून उसाच्या मळ्यांत राबायला गेली, तिथेच राहिली, तिथेच गणपती बसवायला लागली, असं त्यात होतं. मी ते बाबांना वाचून दाखवलं.

"म्हणजे आमच्यासारखीच की," बाबा म्हणाले. "ती जहाजाने गेली, आम्ही आगगाडीने आलो." मग थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "तिथल्या लोकांनी त्यांना आपलं म्हटलं का?"

पुस्तकात ते नव्हतं.

माघात विश्वसभेचा वार्षिकोत्सव झाला. प्रमुख पाहुणे होते परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आमच्या अध्यक्षांचे साडू. साडूपुढे मंडळाची शोभा व्हायला नको म्हणून अध्यक्षांनी हॉलला नवा रंग काढला होता आणि बाबांनी रात्रपाळी करून येऊन माइक बसवले होते. विषय होता 'लहान राष्ट्रांचे हक्क'. बड्या राष्ट्रांनी त्यावर बराच वेळ भाषणं केली. लहान राष्ट्रांना प्रत्येकी दोन मिनिटं होती.

मी माझ्या दोन मिनिटांत ऊस, जहाज आणि गणपती एवढंच सांगितलं. सातासमुद्रापलीकडे राहूनही ज्यांनी मराठी सोडली नाही त्यांना मायभूमीने विसरू नये, अशा अर्थाचं शेवटचं वाक्य सरांनी घालून दिलं होतं. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या रांगेत एक आजी डोळे पुसत होत्या. अध्यक्ष तर उठूनच उभे राहिले. त्यांनी सरांच्या हातातला माइक घेतला आणि गहिवरून जाहीर केलं की मॉरिशसमधल्या तमाम मराठी बांधवांना आपलं मंडळ आजपासून मानद सभासद करून घेत आहे. सरांनी तिथल्या तिथे ठराव मताला टाकला. पाचही बड्या राष्ट्रांपैकी कोणी नकाराधिकार वापरला नाही.

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही. आजवर न पाहिलेली हजारो माणसं एका दमात सभासद झाली होती, आणि स्टेजच्या कडेला अॅम्प्लिफायरपाशी स्टुलावर बसलेला एक माणूस विचाराधीन होता. मी बाबांकडे पाहिलं. ते सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. माझं डोकंच फिरलं.

मी हात वर केला. "सभापती महोदय, माहितीचा मुद्दा. मानद सभासदांना लग्नासाठी हॉल मिळतो का?"

हशा झाला. अध्यक्षही रंगात होते. "अगं, मॉरिशसहून कोणी इथवर लग्न करायला आलं तर हॉलच काय, वाजंत्रीसुद्धा मंडळ देईल!"

"मग मॉरिशसला वैशाखात हॉल हवा आहे," मी म्हटलं. "मोठ्या मुलीचं लग्न आहे."

पुढच्या रांगा हसतच राहिल्या. मागे कॉलनीतली माणसं बसली होती, ती हसायची थांबली. चिटणिसांना काय ते कळलं आणि ते अध्यक्षांच्या कानाशी लागायला उठले, पण तोवर पाहुणे मनापासून टाळ्या वाजवत म्हणाले, "वा! याला म्हणतात मुत्सद्देगिरी. द्यायलाच हवा हॉल!" साडूसमोर शब्द मागे घेणं अध्यक्षांना जमण्यासारखं नव्हतं. "दिला," ते म्हणाले, आणि लगेच आभारप्रदर्शन सुरू झालं.

घरी परतताना स्कूटरवर मी बाबांच्या शाबासकीची वाट बघत होते. कॉलनीच्या फाटकापाशी स्कूटर थांबवून ते म्हणाले, "हॉल मॉरिशसला मिळाला, बाळ. मला नाही मिळाला."

मला वाटलं, आता ते हॉल नाकारणार. पण आईने त्यांना तशी सवड दिली नाही. "लग्न लागल्याशी कारण. नावाचं काय घेऊन बसलात?" ती म्हणाली. ताईने एवढंच सांगितलं की पत्रिकेत मॉरिशस छापू नका. बाबा दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कचेरीत गेले. मीही बरोबर होते. चिटणिसांनी वही उघडली आणि पेन हातात धरून अवघडून बसले.

"नाव काय लिहू, भाऊ? नियमात बसायला हवं ने. तुमचं लिहिलं तर उद्या दुसरे विचारतील."

"मॉरिशस लिहा," बाबा म्हणाले.

चिटणिसांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा मागवला. बाबांनी त्या कचेरीत चहा नको म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

वैशाखात लग्न झालं आणि उत्तम झालं. पुण्याच्या मंडळींना हॉल पसंत पडला. दिव्यांच्या माळा बाबांनी स्वतः लावल्या, इतरांच्या लग्नांपेक्षा दुप्पट. मुहूर्त वेळेवर लागला. व्याह्यांची पंगत उठली आणि कार्यकारिणीच्या पंगतीची तयारी सुरू झाली तेव्हा बाबा माझ्यापाशी आले.

"तुझी ती विश्वसभेची पाटी कुठे असते?"

मी स्टेजमागच्या कपाटातून पाटी काढून दिली. साधी पुठ्ठ्याची पाटी, निळ्या शाईत माझ्याच अक्षरात 'मॉरिशस' लिहिलेली. ती ते टांगणार असतील, गंमत करणार असतील, असं मला वाटलं. बाबांनी ती दुसऱ्या पानाच्या पाटावर नीट भिंतीला टेकवून उभी केली. पानाभोवती रांगोळी होती, उदबत्ती होती. त्यांनी वाढप्याला थांबवलं आणि ते पान स्वतः वाढलं: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मसालेभात, शेवटी जिलेबी. काही राहिलं तर नाही ना, हे मागे सरून पाहिलं. एवढी वर्षं शिडीवरून बघितलेलं ते पान बाबा इतक्या निगुतीने दुसऱ्यासाठी वाढताना पाहून मला रडू फुटलं, आणि मी कोठीघरात पळाले. आईने मला पदराने तोंड पुसून परत बाहेर पाठवलं.

अध्यक्ष आले, पहिल्या पानावर बसले. पाटी त्यांनी पाहिली असावी, पण मुलांनी काहीतरी मांडून ठेवलं असेल असं समजून त्यांनी आपोशन घेतलं. बाबा जिलेबीची परात घेऊन पंगतीत फिरत होते. भात झाला, मठ्ठा झाला, तरी शेजारी कोणी येऊन बसेना, तेव्हा अध्यक्षांनी मान वर केली.

"भाऊ, हे काय? यजमान कुठे आहेत? त्यांनी आमच्यासोबत बसायला हवं ने. मंडळाची रीत आहे."

"बसलेत की, साहेब," बाबा म्हणाले. "तुमच्या शेजारीच."

अध्यक्षांनी शेजारी पाहिलं. पंगतीत कोणीतरी हसायला लागलं आणि मधेच थांबलं. पलीकडे बसलेल्या सरांनी हातातला घास पानात ठेवला.

"त्यांना हवं-नको जरा बघा," असं म्हणून बाबांनी अध्यक्षांच्या पानात आणखी दोन जिलेब्या वाढल्या. "फार लांबून आलेत." मग ते पुढच्या पानाकडे वळले.