कंदील, लिंबू, नदी

दहा शब्दांची ती यादी मी केली होती आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. दूध तापत असताना येते, पुस्तक उघडलं की ओळींच्या मध्ये येऊन बसते. कंदील, लिंबू, नदी, कात्री, बैल, शिंपी, घंटा, मीठ, जिना, पडदा. मग मी उठते, पुढच्या दारापर्यंत जाते, कडी पाहते आणि परत येते. कडी लावलेलीच असते. ती काढून बाहेर निघून जाईल असं आता घरात कोणी नाही. माझे यजमान जाऊन दुसरं वर्ष चालू आहे. तरी पाय जातातच.

ते हवाई दलात इंजिनियर होते. शेवटची बदली चंदीगडला झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. त्यांना हे शहर फार आवडायचं, कारण ते आखलेलं होतं. सेक्टरला नंबर, घराला नंबर, रस्ते काटकोनात. "इथे हरवायचं म्हटलं तरी माणसाला जमणार नाही," असं ते सांगलीहून आलेल्या माझ्या प्रत्येक नातेवाइकाला ऐकवत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी नुकतीच सोडली होती. आमच्याच सेक्टरात एक डॉक्टर मॅडम राहायच्या. पंजाबी, मोठ्याने हसणाऱ्या, शहरातल्या वैद्यकीय संस्थेत मेंदूच्या आजारांवर काम करणाऱ्या. त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हातारपणी स्मृती जाण्याचा जो आजार असतो, त्याचा रोगी त्यांच्यापुढे यायचा तेव्हा फार उशीर झालेला असायचा. त्यांचं म्हणणं असं, की आजार दिसायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी तो आत सुरू झालेला असणार. ती सुरुवात पकडायची तर आज धडधाकट असलेल्या माणसांकडे वर्षानुवर्षं बघत राहायला हवं. अडचण एवढीच, की धडधाकट माणूस दवाखान्यात येत नाही. त्याला घरी जाऊन, चहा पिऊन, गोड बोलून आणावं लागतं.

आणलेल्या माणसाची वर्षातून एकदा चाचणी व्हायची. दहा शब्द वाचून दाखवायचे. मग घड्याळ काढायला सांगायचं, उलटे आकडे मोजायला लावायचे, आणि वीस मिनिटांनी विचारायचं, मघाचे शब्द कोणते? ही परीक्षा मातृभाषेत घेतली तरच खरी, असा मॅडमचा आग्रह होता. हिंदी आणि पंजाबी याद्या तयार होत्या. इथल्या मराठी कुटुंबांसाठी मराठी यादी करायचं आणि चाचणी घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

यादी करायला मला दोन महिने लागले. शब्द सगळ्यांना माहीत हवेत, एकाने दुसऱ्याची आठवण करून देता कामा नये, फार लांब नकोत. मी चाळीसेक शब्द जमवले आणि जेवताना यजमानांना एकेक ऐकवत असे.

"सासू," मी म्हटलं.

"हा काढ."

"का? सोपा आहे की."

"अगं, सासूला कोण विसरेल? सगळ्यांना एक मार्क फुकट मिळेल."

मी सासू काढली आणि तिच्या जागी शिंपी घातला. शेवटचे दहा कोणते ठरले ते मात्र मी त्यांना दाखवलं नाही, कारण त्यांनाही चाचणीला बसायचं होतं. घरच्या माणसाची चाचणी घरच्याने घेऊ नये असा नियम होता. पण मराठीत घेणारी मी एकटीच. मॅडम म्हणाल्या, "चलेगा. शीट आप भरो, नंबर मैं लगाऊँगी." दुसरा नियम कडक होता. कोणालाही त्याचा निकाल सांगायचा नाही. एका वर्षाच्या आकड्यावरून काही कळत नाही, आणि कळलं तरी हातात देण्यासारखं औषध नव्हतं.

पहिल्या वर्षी यजमानांना सात शब्द आले. वयाच्या मानाने ठीक. जानेवारीतली थंडी होती आणि खोलीतला हीटर बंद होता. तरी त्यांनी रुमालाने मान पुसली, हे मी पाहिलं होतं. फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

त्या गणपतीत मला एक धक्का बसला. आम्ही मराठी मंडळी दरवर्षी एका हॉलमध्ये जमत असू. आरती झाली आणि प्रसादाच्या रांगेत माझ्या मागे एका कर्नलच्या पत्नी कोणालातरी सांगत होत्या, "पहिला कंदील, मग लिंबू. तेवढे दोन धरून ठेवा, बाकीचे आपोआप येतात."

"लिंबानंतर काय हो?" बँकेतले एक गृहस्थ अगदी काकुळतीला येऊन विचारत होते. "माझी पुढच्या मंगळवारी आहे."

"नदी. आणि घड्याळाचे काटे नीट काढा. माझ्या मिस्टरांचे वाकडे आले होते."

पेपर फुटला होता. आम्ही सगळे शिकलेले, पहिल्या बाकावर बसणारे लोक. चाचणी म्हटल्यावर अभ्यास न करता जायचं कसं, हे कोणाला समजतच नव्हतं. पंजाबी मंडळी हसत यायची, चार शब्द सांगायची, "बस जी, इतना ही है" म्हणून समोसा खाऊन जायची. मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "आप लोग तो इसकी भी गाइड छपवा दोगे! नई लिस्ट बनाइए, जल्दी."

मी हो म्हटलं. आणि केली नाही. नवी यादी आधी इतर लोकांवर वापरून पाहावी लागते. मराठी माणसं आधीच मोजकी, त्यातली फौजेतली निम्मी त्या वर्षी बदलून गेली. उरलेल्या चारपाच जणांसाठी करू पुढे कधीतरी, असं म्हणत ते राहून गेलं. हे लिहिताना या वाक्यापाशी मी दोन दिवस थांबले होते. दुसरं कारण सापडलं नाही.

दुसऱ्या वर्षी यजमानांना नऊ आले. तिसऱ्या वर्षी दहा. दहाच्या दहा, आणि कंदिलापासून पडद्यापर्यंत ओळीने, जसे वाचले तसे. निरोगी माणूस असं सांगत नाही. तो पहिले एकदोन आधी सांगतो, मग उरलेले मागेपुढे चाचपडत काढतो. हे मला माहीत होतं. मॅडमनी शीट पाहून भुवया उंचावल्या. "ऑर्डर में?"

"फौजी हैं," मी म्हटलं. त्या हसल्या. मीही हसले, आणि मनातून मला अभिमान वाटला.

घरी येताना यजमानांनी विचारलं, "किती?" दरवर्षी विचारत. मी नियम पाळत असे. त्या दिवशी पाळला नाही. दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली. त्यांनी लहान मुलासारखी मान डोलावली.

त्या दहाचा मला आधार झाला, कारण घरात दुसरंच काही चाललं होतं. लेक बंगळूरला नव्या कॉम्प्युटर कंपनीत लागली होती. तिने आम्हाला मोबाइल पाठवला. जन्मभर विमानाची यंत्रं उघडून बसवलेला माणूस तो हातात घेऊन बसायचा आणि मग टेबलावर पालथा ठेवायचा. "फालतू वस्तू आहे," म्हणायचा. एका सकाळी ते गाडीच्या चाकात हवा भरायला गेले आणि दोन तासांनी परत आले. हातात फ्लॉवरचे तीन गड्डे.

"मुल्लानपूरकडे गेलो होतो. शेतातून ताजा घेतला."

"तीन?"

"स्वस्त होता."

तेव्हा शहराबाहेरचं मुल्लानपूर म्हणजे नुसती शेतं होती, आणि हवेचा पंप आमच्या मार्केटच्या मागे, चालत पाच मिनिटांवर. कुठल्यातरी चौकात गोल फिरून ते चुकीच्या रस्त्याला लागले असणार आणि शहर संपेपर्यंत त्यांना कळलं नसणार. मी फ्लॉवर चिरत बसले. बाहेर गाडी आतबाहेर पुसण्याचा आवाज येत होता. खूप वेळ येत होता. त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. ते आंघोळीला गेले की मी नळाचा आवाज ऐकत दाराशी उभी राहायची. बाहेर गेले की गच्चीत. पुस्तक हातात असायचं, पान तेच.

रविवारी लेकीला फोनवर सांगितलं. तिला मराठी समजतं, बोलते हिंदीत. "आई, बाबा बिलकुल ठीक हैं. टेस्ट में टेन आउट ऑफ टेन लाते हैं, यार. आप ही ज्यादा सोचती हो."

खरंच होतं. दहापैकी दहा. मी तो आकडा औषधासारखा घ्यायची. तीन वेळा तोच प्रश्न विचारला? दहापैकी दहा. दुधाची पिशवी कपाटात ठेवली? दहापैकी दहा. ज्या मोजपट्टीवर मी घर चालवत होते ती माझीच होती, म्हणून तिच्यावर माझा विश्वास जास्त.

पुढच्या हिवाळ्यात धुक्यामुळे आठवडाभर ऊन नव्हतं. एक दिवस अकराच्या सुमारास ते पडलं आणि यजमान खुर्ची घेऊन गच्चीवर गेले. मी त्यांच्या दाढीच्या सामानाचं भिंतीवरचं छोटं कपाट पुसायला घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. पाठकोरा. मागे छापील अक्षरं उमटलेली दिसत होती, गणपतीतल्या आरत्यांचं वेळापत्रक. पुढे त्यांच्या सरळ, तांत्रिक अक्षरात एकाखाली एक दहा शब्द. बाजूला पेन्सिलीच्या बारीक खुणा, सातासातांच्या ओळीत, कागदाच्या तळापर्यंत. रोज दाढी करताना एक.

मी कागद काढला नाही. कपाट उघडं टाकून गच्चीवर गेले.

"ते शब्द तुम्हाला कोणी दिले?"

ते संत्रं सोलत होते. चोरी पकडली गेल्यावर जसे हसायचे तसे हसले. "कर्नलीणबाईंनी. रांगेत. तू पुढे होतीस."

"पण का? त्यात पास-नापास काही नसतं, हे तुम्हाला शंभरदा सांगितलंय."

"नोकरीत दरवर्षी मेडिकल असायचं ना," ते म्हणाले. "चष्मा लागू नये म्हणून मी डोळ्यांच्या तक्त्याची खालची ओळ पाठ केली होती. दोन वर्षं निभावलं."

"हे हसण्यावारी नेऊ नका."

ते संत्र्याचे धागे काढू लागले. मग खाली बघूनच बोलले. "पहिल्या वर्षी सात आले ना, मी मनात मोजले होते. ते कसे आले मला माहीत आहे. विहिरीतून काढल्यासारखे. त्याच्या आधीपासूनच मला कळत होतं, काहीतरी निसटतंय. म्हटलं, दुसऱ्या कोणासमोर नापास झालो तर चालेल. तुझ्यासमोर नको. तू समोर पेन्सिल घेऊन बसतेस."

मला राग आला होता, तो कोणावर हे ठरेना. त्यांनी कागद पाठ केला म्हणून मला तीन वर्षं कळलं नाही. आणि मी नवी यादी केली असती तर कागदाचा उपयोगच झाला नसता.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडतील, तीन वर्षांची पानं फाडून टाकतील, असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "सात नंबर तो नॉर्मल थे. हमारी लिस्ट को कुछ नहीं दिखा. इनको दिख गया था." आम्ही इतकी वर्षं बाहेरून जे शोधत होतो ते त्यांच्या आत, आरशासमोर, रोज सकाळी चालू होतं. त्यासाठीही रकाना नव्हता. मॅडमनी फाइलच्या समासात तारखेसह चार ओळी लिहिल्या आणि मला म्हणाल्या, "अब नई लिस्ट. इस बार सच में."

ती मी तिथेच, त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर दुपारभरात केली. दोन महिन्यांचं काम तीन तासांत. घडी घालून पर्समध्ये ठेवली. पहिली यादी मी नुसती दाखवली नव्हती, ही लपवली; लग्नानंतर यजमानांपासून लपवलेला तो माझा पहिला कागद.

आठवड्याने त्यांना घेऊन गेले. मी नवे शब्द वाचले. त्यांनी माझ्या ओठांकडे बघत एकेक ऐकला. वीस मिनिटांनी विचारलं.

"चमचा," ते म्हणाले. थांबले. "डोंगर." मग खिडकीकडे पाहिलं, पॅन्टच्या शिवणीवरून बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "कंदील. लिंबू. नदी. कात्री. बैल..."

थांबवायचं नाही, मान हलवायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, असं मला शिकवलेलं होतं. यादीबाहेरचा प्रत्येक शब्द चूक म्हणून वेगळ्या रकान्यात लिहायचा असतो. मी लिहिले. दहाच्या दहा, ओळीने. पडद्यापर्यंत पोचल्यावर ते माझ्याकडे बघून डोळे मिचकावून हसले, आणि मग त्यांनी माझी पेन्सिल कुठल्या रकान्यात आहे ते पाहिलं.

बाहेर येऊन आम्ही रिक्षात बसलो. गाडी मी आणू दिली नव्हती. दोन चौक गेले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही. नियम आहे."

"हं." त्यांनी मफलर घट्ट केला. "म्हणजे दोन."

मी बाहेर बघत राहिले. धुकं परत उतरत होतं, सगळे चौक सारखेच दिसत होते.

"सासू ठेवली असतीस यादीत," ते म्हणाले, "तर तीन झाले असते."

मला हसू आलं आणि आवरेना. तेही हसले. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "किद्धर मुड़ना है, जी?" यजमानांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्याकडे वळून वाट बघू लागले. मी आमचा सेक्टर सांगितला, मग घराचा नंबर.