नागपंचमीला वाजलेला माग

उमरेडच्या आमच्या विणकर आळीत एका नागपंचमीला माग वाजला. तो माझ्या विधवा वहिनीने चालवला, असे पंचांनी ठरवले आणि आळीने ते मान्य केले. आजही तिथे कोणी जुने बोलायला बसले की हेच सांगतात. तो माग मी चालवला होता. हे एवढे एक वाक्य लिहायला मला पंच्याहत्तरी ओलांडावी लागली.

आमच्या घरी दोन माग होते. ओसरीतला वडिलांचा, आणि आतल्या खोलीतला मोठ्या भावाचा. वडिलांच्या मागावर वडील आणि मी आळीपाळीने धोतरे विणायचो. मानमोडीच्या तापाच्या साथीत भाऊ चार दिवसांत गेला. त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी मागे राहिली. दिवस-वार उरकल्यावर एका सकाळी आतल्या खोलीतून धोट्याचा आवाज आला. आई धावत गेली. वहिनी भावाच्या जागी, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. आमच्याकडे बायका सूत उकलायच्या, कांड्या भरायच्या, खळ शिजवायच्या; मागावर बसायचे ते पुरुषांनी. आई काही बोलणार तोच वडील म्हणाले, "चालवून राहिली तं चालवू दे. हात चांगला आहे तिचा." तो खरेच चांगला होता. माझ्यापेक्षा कितीतरी चांगला.

प्रत्येक माग वेगळा वाजतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. लाकूड निराळे, जमीन निराळी, खड्डा निराळा. रस्त्याने जाताना डोळे मिटले तरी आम्ही सांगायचो, हे कोणाचे घर. भावाच्या मागाची फणी परत येताना एक दुहेरी ठोका द्यायची, ठक-ठक. समोरच्या घरात एक आंधळी म्हातारी होती. ती दिवसभर ओट्यावर बसून सगळ्या आळीचे माग ऐकायची. कोणाचा सुस्तावला, कोणाच्या घरी भांडण झाले, ते तिला ठोक्यावरून कळे. वहिनी मागावर बसली त्या दिवशी ती मोठ्याने म्हणाली होती, "मोठ्याचा माग जागा झाला वं बाई!"

भाऊ गेल्यावर तिसऱ्या वर्षी माझी सोयरीक जमली. मुलगी आमच्याच आळीतली. तिचे वडील पाच पंचांपैकी एक. आमच्यात अशी रीत होती की नवरीचे लुगडे नवऱ्याच्या घरी विणले जावे, आणि निदान त्याचा पदर तरी नवऱ्याने स्वतः विणावा. वहिनीने तिच्या मागावर दोन लुगड्यांचा ताणा चढवला. पहिले नवरीचे, त्याच्या पाठोपाठ एक गिऱ्हाइकाचे. नवरीच्या लुगड्याचे अंग तिने विणले आणि पदराशी आणून सोडून दिले.

"भाऊजी, पदर तुमच्या हातचा. बसा आता."

"उद्या बसतो वैनी."

"तुमचा उद्या कधी उजाडते? लग्नात नवरीले बिनपदराची उभी करता काय?"

मी हसायचो आणि आखाड्यात निघून जायचो. कुस्तीचा नाद होता. हात-दीड हात पदर राहिला होता, तो तसाच राहिला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मुलीकडच्या बायका आणि तिचे वडील लुगडे पाहायला येणार होते. आदल्या दिवशीही मी बसलो नाही.

नागपंचमीला आमच्याकडे काही चिरायचे नाही, तळायचे नाही, खणायचे नाही. आळीत याहून मोठा नेम होता: माग चालवायचा नाही. मागाचा खड्डा म्हणजे जमिनीचे पोट, असे म्हातारे सांगत. त्या दिवशी त्यात पाय सोडला तर नागाच्या अंगावर पाय पडतो. वर्षातला तो एकच दिवस आळी अगदी मुकी असे.

त्या दिवशी दुपारी सगळी आळी वारुळाला गेली. तिथून पुरुष परस्पर कुस्त्यांना जाणार होते. मी अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. उद्या नवरीच्या बापासमोर बिनपदराचे लुगडे दाखवायचे, या लाजेने मला वारुळापर्यंत जाववेना. घरात आलो, खोलीचे दार ओढून घेतले आणि मागावर बसलो. चार-सहा धोटे टाकले असतील, तोच वहिनी मागच्या अंगणातून धावत आली. विधवा म्हणून ती वारुळाला गेली नव्हती.

"भाऊजी! आज? उठा, उठा आधी!"

"कोण ऐकते वैनी? सारे वारुळावर गेले."

"देव ऐकते ना."

"देवाले सांगा, पदर राहिला होता."

ती दारात उभी राहिली. पुन्हा एकदा उठा म्हणाली. दोन तासांत मी पदर संपवला, मागच्या दाराने निघालो आणि कुस्त्यांच्या गर्दीत मिसळलो.

समोरची आंधळी म्हातारी वारुळाला गेली नव्हती, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, पदर पाहिला, माझी पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी सकाळी आंधळ्या म्हातारीचा एकुलता एक मुलगा आपल्या मागावर बसला, खड्ड्यात पाय सोडले आणि ओरडला. पावसाळ्यात खड्ड्यात साप निघणे नवे नव्हते. काठीने खड्डा ढवळून मग पाय सोडायचा, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले. त्या दिवशी तो ढवळायला विसरला असावा. मांत्रिक आला, कडुनिंबाचा पाला चावायला दिला. सूर्य डोक्यावर यायच्या आत तो गेला. तिशीचा होता. माझा जोडीदार होता, आखाड्यातला.

म्हातारी रडली नाही. ओट्यावर बसून ती एकच विचारत राहिली, "पंचमीले माग कोणाचा वाजला? मी ऐकला ना. मोठ्याचा माग वाजला. काहून वाजला?"

चौदाव्या दिवशी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर पंच बसले. सगळी आळी खाली उभी होती. म्हातारीला धरून आणले. तिने ऐकले तेच सांगितले, एक अक्षर जास्त नाही. दुहेरी ठोका, मोठ्याचा माग, बराच वेळ. ती खोटे बोलली नाही, हे मला इथे मुद्दाम लिहायचे आहे.

पंचांनी वहिनीला विचारले. तिने पदर डोक्यावर ओढला होता.

"मी चालवला नाही."

"मंग काय भुतानं चालवला?" गर्दीतून कोणीतरी म्हणाले, दोघेतिघे हसले.

"घरी कोण होतं?" माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारले.

"मी होती."

"मंग चालवला कोणं?"

वहिनीने मान वर केली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर सगळ्यांनाच कळले असते. ती म्हणाली, "ज्यानं चालवला त्याले ठाऊक. तो इथंच आहे. त्यानंच सांगावं."

मी खांबाला टेकून उभा होतो. माझ्या शेजारी वडील. सासरे माझ्याकडे वळले.

"तू कुठं होता गा?"

"कुस्त्यायले."

"पदर कधी उरकला?"

"आदल्या दिवशी," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण मी पुढे बोललो, "त्याच्या पुढचं लुगडं वैनीच्या हातचं आहे. माझा काही संबंध नाही."

लोकांनी त्या बोलण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला: पंचमीला विणले गेले ते पुढचे लुगडे, वहिनीचे. मला तेच हवे होते.

पंचांनी दंड ठोकला नाही, वाळीत टाकतो असेही म्हटले नाही. ते म्हणाले, वर्षभर हिच्या पांजणीला कोणी हात लावायचा नाही.

पांजण म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे ही शिक्षा किती मोठी ते कळेल. विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावावी लागते. पहाटे आळीतल्या रस्त्यावर खुंट्या ठोकून पूर्ण ताणा लांबच्या लांब पसरतात. दोन्ही बाजूंना माणसे उभी राहतात, खळ लावत जातात आणि मोठ्या कुंचल्याने एका चालीत सूत विंचरत जातात. ऊन चढायच्या आत सगळे व्हावे लागते. आठ-दहा माणसे लागतात. आज माझी पांजण, उद्या तुझी. सगळी आळी एकमेकांच्या पांजणीला उभी राहते. ज्याच्या पांजणीला कोणी येत नाही त्याच्या घरात दोन माग असोत की चार, त्याचे काही चालत नाही.

पहिले लुगडे काढून झाले, दुसरेही संपले. मग वहिनीच्या नव्या ताण्याची वेळ आली. तिने पहाटे खळ शिजवली, एकटीने खुंट्या ठोकल्या, ताणा पसरला. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तिची दहा वर्षांची मुलगी. रोज गजबजणाऱ्या त्या रस्त्यावर सगळी दारे अर्धी उघडी होती आणि त्यांतून माणसे बघत होती. वहिनी कुंचला घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायची आणि परत पळत यायची. मुलीचा हात पुरत नव्हता.

वडील घरात भिंतीकडे तोंड करून निजले. मी दारात उभा होतो. उंबऱ्यापासून ताणा चार पावलांवर होता.

आई मागून म्हणाली, "आत ये. तुह्या लग्नाले महिना राहिला."

मी आत गेलो.

ऊन आले. खळ वाळली, सूत गोळा होऊन चिकटले, विंचरले की तुटू लागले. बऱ्याच वेळाने बाहेर पाहिले तर वहिनी रस्त्यात बसून विळ्याने ताणा कापत होती. ओरडणे नाही, शिव्याशाप नाहीत. शिजवलेला भात वाया गेला तर बाई जशी भांडे धुवायला घेते, तशी ती कापत होती.

आठ दिवसांनी ती मुलीला घेऊन छोट्या आगगाडीने नागपूरला गेली. तिथल्या कापडगिरणीत तिच्या माहेरचे कोणी होते. निघताना आईच्या पाया पडली. मला म्हणाली, "भाऊजी, सांभाळून राहा." ते टोचून म्हणाली की मनापासून, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते मनापासून.

माझे लग्न ठरल्या दिवशी झाले.

पाच-सहा वर्षांनी सूत आणायला नागपूरला गेलो असताना मी तिच्या वस्तीत गेलो. का गेलो ते माहीत नाही. एका खोलीत तीन बिऱ्हाडे होती. कापसाच्या धुळीने ती अर्धी झाली होती, दोन शब्द बोलली की खोकायची. मुलगी पाणी भरायला गेली होती. वहिनीने मला पाट दिला.

"घरचे कसे आहेत? मामंजीचं गुडघ्याचं?"

"तसंच आहे."

मग ती म्हणाली, "भाऊजी, माझं जाऊ द्या. माझं झालं. पण पोरगी सोळाची झाली. जातीत कोणी विचारत नाही, पंचमीवालीची पोरगी म्हणतात. तुम्ही एकदा ओट्यावर बोला. एकदाच. तुमचं लग्न झालं, लेकरं झाली, आता तुमचं कोणी काय करन?"

"बोलतो वैनी," मी म्हणालो. "या पोळ्याले सारे जमतीन, तेव्हा बोलतो."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच.

पोळा आला. बैलांची पूजा झाली, ओट्यावर सगळे बसले. सासरे तेव्हा पंचांचे मुख्य झाले होते, मला त्यांनी शेजारी बसवले होते. मी प्रसाद खाल्ला आणि घरी आलो. पुढच्या पोळ्यालाही तसेच. दुसऱ्या पोळ्यानंतर वहिनी गेल्याचा निरोप आला.

बाकीचे थोडक्यात. वडील गेले, सासरे गेले, म्हातारी तर केव्हाच गेली. इंग्रज गेले, प्रांत बदलला. चार वर्षांपूर्वी बायको गेली. तिला मी काही सांगितले नव्हते. आळीत आता सात-आठ हातमाग उरले आहेत, पांजण कधीमधी होते. मागच्या श्रावणात मी देवळाच्या ओट्यावर गेलो आणि तिथे पेपर वाचत बसलेल्या चौघांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. एकजण म्हणाला, "आजोबा, आता त्याचं काय? त्या काळची माणसं अडाणी." दुसऱ्याने माझ्यासाठी चहा मागवला.

म्हणून मी नागपूरला गेलो, पुतणीचे घर शोधत. हुडकेश्वरच्या बाजूला एका खोलीत ती एकटी राहते. साठीला आली आहे. लग्न झाले नाही; आईच्याच गिरणीत हाडे झिजवली. मी ओळख दिली. तिने बसा म्हटले नाही, पण दारही लावले नाही. मी उंबऱ्यावर बसलो आणि सांगितले.

"मले माहीत आहे, काकाजी," ती म्हणाली. "माझ्या पायाले गळू झालं होतं. मी घरीच होती त्या दिवशी. आईनं शपथ घातली, म्हणे तू बोलू नको. काका आपल्या तोंडानं सांगतीन. लेकरानं सांगितलं तं त्यायचं लग्न मोडन."

ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"उमरेडचं कोणी आलं की आई विचारे, काका बोलले का? प्रत्येकाले विचारे. शेवटच्या दिवशी मले विचारलं. मी हो म्हटलं. म्हटलं, काकाजी बोलले, साऱ्यायसमोर बोलले, पंचायनं ऐकून घेतलं." तिने सूप एकदा पाखडले. "तिनं डोळे मिटले. तुमच्यासाठी नाही म्हटलं मी ते. तिच्यासाठी म्हटलं."

मी तिला सांगितले की आता मी ओट्यावर बोललो आहे, खरेच बोललो आहे.

"कोणाले?"

मी चौघांचे सांगितले. तिने सुपातला एक खडा काढून दाराबाहेर टाकला.

"उमरेडची बस पाचला आहे," ती म्हणाली. "पुढची लय उशिरा असते. निघा."