वसंताचा टॉवर

कारखान्यात नोकरी केली की किस्से आपोआप साठतात, ते काही कुणी मुद्दाम गोळा करत नाही. शहाद्याजवळच्या बायोगॅस प्लांटवरचे माझ्याकडे ढीगभर आहेत. तक्रार एकच. गॅस साफ करणारा टॉवर मी डिझाइन केला, आणि प्रत्येक किश्श्यात हिरो मात्र वसंत पावरा! धडगावकडचा. मला तीन वर्षांनी ज्युनियर. मी पुण्यात मित्रांना हे किस्से सांगतो तेव्हा त्याचं नाव गाळून बघितलंय. किस्साच उरत नाही.

*

एकदा आई ब्राह्मणपुरीहून प्लांट बघायला आली. "तू करस काय आठे?" इथे काय करतोस, असं तिने अहिराणीत विचारलं. मी दहा मिनिटं बोललो. पॅक्ड बेड, प्रेशर ड्रॉप, रिअ‍ॅक्शन रेट. आई जांभई दाबत होती.

वसंत म्हणाला, "मावशी, मळीपासून गॅस होतो, त्यात सडक्या अंड्याचा वास असतो. विषारी. या टॉवरमध्ये लोखंडाच्या गंजाच्या गोळ्या भरल्यात. वास गोळ्यांना चिकटतो, चांगला गॅस पुढे जातो."

"आते समजनं!" आई खूश. मग माझ्याकडे वळून, "तू इतला शिकना, तरी तुले सांगता येत नही का रे?"

तेव्हापासून फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "वसंता कसा शे?" माझा नंबर त्यानंतर!

*

टॉवर पहिल्यांदा भरला तो दिवस. व्यास, उंची, गोळीचा आकार, सगळं मी दोन महिने बसून काढलेलं. माणसं वर चढून पोती उलटी करत होती. वसंत म्हणाला, "सर, एवढ्या उंचीवरून टाकल्या तर खाली पीठ होईल."

"गोळ्यांची स्ट्रेंग्थ मी तपासलीय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गॅस पुढे सरकेना. प्रेशर चढत चाललेलं. तळाचं झाकण उघडलं तर लालभडक भुकटी! मॅनेजर कुलकर्णीसाहेबांनी ती चिमटीत घेतली. "पाटील, टॉवर भरलाय की मिरची कांडलीय?"

मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात हा विनोद कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सगळा प्लांट हसला.

वसंताने कापडाची लांब नळी शिवून घेतली, ती तळापर्यंत सोडली आणि तिच्यातून हळूहळू गोळ्या भरल्या. टॉवर चालू! साहेबांनी त्याची पाठ थोपटली. मी म्हणालो, "मीही हेच सुचवणार होतो." कुणी ऐकलंच नाही.

*

मग एकदा बेड, म्हणजे टॉवरमधला गोळ्यांचा थर, नवा असूनही बाहेर पडणाऱ्या गॅसला वास. मी चार दिवस कॉम्प्युटरवर सिम्युलेशन चालवलं. पाचव्या दिवशी वसंत टॉवरच्या पत्र्यावर तळहात ठेवत एक चक्कर मारून आला.

"सर, डावीकडे गरम लागतंय, उजवीकडे गार. गॅस एकाच बाजूने जातोय. अर्धा बेड बिनकामाचा बसलाय."

उघडून बघितलं. गॅस पसरवणारी तळाची जाळी एका बाजूला कलली होती.

त्याआधी मी काय केलं, सांगू? धावत जाऊन थर्मामीटरने दोन्ही बाजूंचं तापमान मोजलं. म्हणजे रिपोर्टवर नाव माझं!

*

टॉवरवर मी पाटीही लावून घेतली होती, डिझायनर म्हणून माझ्या नावाची. चांगली पितळी. पाहुणे आले तेव्हा मी मुद्दाम पाटीशेजारी उभा राहिलो. फिटर त्यांना म्हणाला, "हाऊ वसंतभाऊना टावर शे!"

*

आता शेवटचा. पुण्याच्या डिझाइन टीममध्ये एक जागा निघाली. आमच्या दोघांपैकी एक जाणार होता. त्याच आठवड्यात बेड बदलायचा होता. वापरलेल्या गोळ्या काळ्या पडतात आणि हवा लागली की आपोआप तापून पेट घेतात. म्हणून आधी भरपूर पाणी सोडायचं, थांबायचं, मगच झाकण उघडायचं. वसंताने मागचा बेड दोन दिवसांत बदलला होता. मला दीड दिवसात बदलायचा होता.

मी थांबलो नाही.

झाकण काढलं आणि आतून धूर उसळला. घसा जळायला लागला. मी माणसांना लांब पिटाळलं आणि स्वतः तिथेच खिळलो. वसंत पाण्याचा पाइप ओढत आला, मला कोपराने बाजूला सारलं आणि तोंडाला ओला रुमाल बांधून झाकणापाशी उभा राहिला. धूर बसेपर्यंत त्याच्या मनगटावर फोड आले होते.

साहेब धावत आले. "झाकण कुणी उघडलं?"

मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण आवाज त्याचा आला. "मी, साहेब."

आणि मी तोंड मिटलं.

त्याला मेमो मिळाला. मला पुणे.

निघायच्या दिवशी तो माझी बॅग घेऊन शहाद्याच्या स्टँडवर आला. मनगटाला पट्टी होती. बस लागली तेव्हा मला राहवलं नाही. "वसंता, असं का सांगितलंस तू?"

त्याने बॅग वर ठेवली, खिडकीपाशी आला आणि हसून म्हणाला, "सर, तुम्ही इथे राहिला असता, तर पुढचा बेडही तुम्हीच उघडला असता!"