सोलकढीतली गोळी

"हिला काय विचारायचं? भावाची सही घ्या."

डॉक्टर हे माझ्यासमोर बोलला. मी वॉर्डातल्या खाटेवर, त्याच्यापासून हातभर लांब. कान शाबूत होते माझे. गेल्या वर्षी आई गेल्यावर पंधरा दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती गॅलरीत उभी आहे असं वाटून मी तिच्याशी बोलायचे, हे खरं. पण मला विचारलं असतं तर मी बोलले असते. कसली सुई आहे, एवढंच विचारत होते. घरून उचलून आणणाऱ्या चौघा वॉर्डबॉयनीच धरलं. एकाने पाठीवर गुडघा ठेवला. साडी वर गेली, ती खाली करायला हात मोकळा नव्हता. दादा दारात उभा राहून जमिनीकडे बघत होता. सही करून मोकळा.

घरी आले तर चाळीत मी येडी झाले होते. आणि वहिनीने नवाच शोध लावलेला. गोळी कुटून सोलकढीत. अगो, मालवणी घरात, सोलकढीत! वीस वर्षं लोकांच्या घरी स्वयंपाक करते मी, माझी जीभ काय मेली होती? पहिल्या घोटाला कळलं. वाटी खाली ठेवली तर दादा म्हणाला, "पी गप. तुझ्या भल्यासाठीच आहे." प्यायले. रोज प्यायले. त्याची लाज मला सुईपेक्षा जास्त वाटते.

समोरच्या टॉवरमधल्या मॅडमकडे मी पोळी-भाजी करते. ह्या मे महिन्यात मॅडम बिघडल्या. चार दिवस झोप नाही, कपाटातले कपडे सगळे हॉलमध्ये, फोनवर आरडाओरडा. नवरा घाबरून कोपऱ्यात. मी कणीक मळत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, आता येतील चौघं. आता कळेल बाईला.

एकच डॉक्टरीणबाई आल्या. चपला बाहेर काढून आल्या आणि कपड्यांच्या ढिगाशेजारी फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही बऱ्या होतात तेव्हा कागदावर लिहून ठेवलंय, सुई नको, गोळी चालेल. ती आणलीय. घेणार का?"

मॅडम नाही म्हणाल्या. तर बाई बसून राहिल्या. तासभर! नवरा मध्येच बोलला, "द्या ना सुई, मी सही करतो." बाईंनी त्यालाच गप्प केलं. शेवटी मॅडमनी आपणहून हात पुढे केला. पाणी मी नेऊन दिलं.

जळले मी. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मॅडमच्या फ्लॅटवर, गाडीवर मी कधी जळले नव्हते. त्या दिवशी तिच्या 'नाही'वर जळले. तिचं 'नाही' ऐकायला डॉक्टर फरशीवर बसते, आणि माझं? तव्यावरची पोळी करपली. तशीच डब्यात टाकली.

बाईंना लिफ्टपाशी गाठलं. "तो कागद काय मोठ्या लोकांनाच मिळतो?"

"कोणालाही लिहिता येतो. कायदाच आहे तसा, बरीच वर्षं झाली. बरं असताना लिहायचं, आपल्या वतीने कोण बोलेल त्याचं नाव घालायचं. दोन साक्षीदार, मग मानसिक आरोग्याच्या सरकारी मंडळाकडे नोंद. एकदम जिवावर बेतलं तर मात्र डॉक्टर त्यासाठी थांबणार नाहीत, तेवढं लक्षात ठेवा."

म्हणजे माझ्या वेळीही कायदा होता. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मॅडम बऱ्या झाल्यावर मी विचारलं, "मॅडम, मलाही तुमच्यासारखा कागद करायचाय. साक्षीदार म्हणून सही कराल?"

त्या हसल्या. प्रेमाने हसल्या, तेच जास्त लागलं. "अगं, तुला कशाला हे सगळं? तुझा भाऊ आहे ना बघायला."

हिला काय विचारायचं. तेच की! फक्त आवाज गोड.

मी हात पुसले. "मॅडम, तुमचाही नवरा होता बघायला."

हसू गेलं त्यांचं. सही मी पुन्हा मागितली नाही. चाळीतल्या दोघींनी सह्या केल्या, आणि माझ्या वतीने बोलायला शेजारची सुमन तयार झाली. दादाने कागद दोनदा वाचला. "माझं नाव का नाही?"

"तू जमिनीकडे बघत होतास."

त्या दुपारी ताटाशी सोलकढी आली. वाटी उचलली आणि मोरीत ओतली. "वहिनी, गोळी हातावर द्या."

"वन्सं, तुम्ही टाकून द्याल म्हणून..."

"टाकायची असली तर तुमच्यादेखत टाकीन."

दिली तिने. मी बघितली, नाव वाचलं, पाण्याबरोबर घेतली. मला हवी होती म्हणून घेतली.

मॅडमवर अजून जळते मी. रोज त्यांच्या पोळ्या लाटताना जळते, आणि हा हेवा मला विझवायचा नाही. कागदाची एक प्रत दाराला आतून चिकटवली आहे. पुन्हा चौघं आले, तर आधी तो वाचायचा. मग मला विचारायचं. हात त्यानंतर.